बिघाडाचं कार्ड

सूनबाईंनी शुक्रवारी जेवताना जाहीर केलं, तेही नवऱ्याकडे बघत, पण सासऱ्यांच्या कानात नीट उतरेल अशा आवाजात. "उद्या दुपारी आले की लेझर बसवणार आहे. तोपर्यंत गॅलरीतल्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही."

घरात माणसं तीन. एक ती स्वतः. दुसरे तिचे यजमान, ज्यांना विजेचा बल्ब बदलायचा तरी दोन दिवस मनाची तयारी करावी लागे. तेव्हा 'कुणी' म्हणजे कोण हे कळायला बाबांना डोकं खाजवावं लागलं नाही.

"मी लावून देतो की," बाबा म्हणाले. "तीन तर वायरी. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसरं काय केलं मी?"

"नको."

"अगं, फुकट माणूस बसलाय घरात."

"बाबा, मागच्या वेळी काय ठरलं होतं?"

मागच्या वेळी ठरलं होतं ते असं. सूनबाई एका पॅकिंगच्या कंपनीत खोक्यांचे नमुने करायच्या, आणि घरी त्यांनी एक छोटं यंत्र स्वतः जुळवलं होतं. शिलाई मशीनएवढं असेल. कॉम्प्युटरने हुकूम द्यायचा आणि त्याने हत्यार पुढेमागे, डावीउजवीकडे फिरवून लाकूड कोरायचं. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी त्या यंत्राभोवतीचं टेबल आवरलं. आवरलं म्हणजे तीन आठवड्यांचे कोरलेले नमुने भंगार समजून कचऱ्याच्या गाडीत घातले. त्या संध्याकाळी सूनबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, पुन्हा माझ्या टेबलाला हात लागला तर तुम्ही मोठ्या दादांकडे राहायला जायचं. चिरंजीव ताटात बघत बसले. बाबांनी मान डोलावली.

मोठ्या मुलाकडे बाबा एक वर्ष काढून आले होते. तिथे हॉलमध्ये घडीची कॉट, रात्री टीव्ही बंद झाल्यावर उघडायची आणि सकाळी सहाला मिटायची. दिवसभर आडवं व्हायचं तर सोफ्यावर, तेही कुणी आलं की उठून बसायचं. इथे त्यांना दार लागणारी खोली होती, खिडकी होती, दुपारी कधीही पाठ टेकता येत होती. सत्तरीच्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, पण याहून कमीही चालत नाही. अडचण एवढीच की ही खोली आधी यंत्राची होती. आठ महिन्यांपूर्वी बाबा आले म्हणून यंत्र गॅलरीत गेलं, आणि ते सूनबाई विसरल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर विसरायचं त्यांना कारणही नव्हतं.

शनिवारी चिरंजीव आठलाच औषधाच्या दुकानात कामावर गेले, सूनबाई नऊला अर्ध्या दिवसासाठी बाहेर पडल्या. बाबांनी पेपर वाचला, शब्दकोडं निम्मं सोडवलं आणि साडेदहाला गॅलरीत जाऊन उभे राहिले. मदत करायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण मदत वगैरे काही नाही. दुपारी ती घरी यावी, लेझर चालू असावा आणि तिचं तोंड एवढंसं व्हावं, हे त्यांना बघायचं होतं. आठ महिने या घरात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. औषध घेतलंत का, एवढंच विचारत.

काम खरोखरच तीन वायरींचं होतं. हत्याराऐवजी किरणाने जाळून लाकूड कोरणाऱ्या लेझरचं डबडं काडेपेटीहून जरा मोठं, त्यातून लाल, काळी आणि पिवळी वायर निघत होती. लाल-काळीला वेगळ्या अ‍ॅडॉप्टरचे बारा व्होल्ट द्यायचे. पिवळी वायर यंत्राच्या कंट्रोलरला जोडायची, म्हणजे कधी पेटायचं आणि कधी विझायचं हा हुकूम तिच्यातून येतो. आणि अ‍ॅडॉप्टर वेगळा असल्यामुळे त्याचं अर्थिंग कंट्रोलरच्या अर्थिंगला बांधायचं, नाहीतर हुकमाला अर्थ राहत नाही. हे बाबांना कागद न वाचता ठाऊक होतं. कागदावरची अक्षरं मुंगीएवढी होती आणि चष्मा आत राहिला होता.

त्यांनी कंट्रोलरचं झाकण काढलं, आतल्या वायरींचा गुंता बाजूला सारला, लेझरच्या तीन वायरी जोडल्या, अर्थिंगची चौथी बांधली, स्क्रू कसले. बटण दाबलं.

लेझर तत्क्षणी पेटला. कुणी हुकूम दिलेला नसताना. झगझगीत निळा ठिपका, फर्र असा आवाज, आणि खाली पडलेल्या प्लायच्या तुकड्यातून धूर. बाबांनी डोळे मिटून प्लग ओढला. सगळं मिळून तीन सेकंदं झाली असतील. नंतर नुसत्या यंत्राचा सप्लाय देऊन पाहिला, तर कंट्रोलरवरचा छोटा दिवा मिणमिणला आणि गेला.

स्वस्तातला माल, बाबांच्या मनात पहिलं हेच आलं. दुसरं आलं ते घडीच्या कॉटचं. मग मात्र त्यांचे हात भराभर चालू लागले. लेझर सोडवून परत स्पंजात घातला, खोक्याला जसाच्या तसा टेप लावला. कंट्रोलरमधल्या सुटलेल्या वायरी पुन्हा जागच्या जागी लावून झाकण बसवलं. जळका तुकडा स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या तळाशी घातला. गॅलरीची खिडकी उघडून वास जाईपर्यंत वर्तमानपत्राने वारा घातला. अकरा वाजून वीस मिनिटांनी ते आपल्या खोलीत शब्दकोड्यापुढे बसले होते, आणि आडवा सातवा शब्द त्यांना काही केल्या सुचत नव्हता.

सूनबाई अडीचला आल्या, जेवल्या, तीनला गॅलरीत गेल्या. बाबा खोलीत कान देऊन बसले. झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग स्क्रूड्रायव्हर, मग बटण, मग पुन्हा शांतता.

साडेतीनला त्या बाबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत त्या दारात त्या फक्त चादरी बदलायला आल्या होत्या. डोळे लाल होते.

"बाबा, तुमचा मीटर घेऊन येता का? माझ्या हातून काहीतरी जळलं."

माझ्या हातून. बाबांनी ते दोन शब्द ऐकले आणि त्यांच्या छातीवरचा दगड खाली उतरला. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती दोन नंबरला आली. पहिल्या नंबरला सुटकाच होती.

"बघू या," ते म्हणाले. "घाबरायचं नाही. बिघाड म्हटला की तो कुठेतरी एकाच जागी बसलेला असतो. आपण त्याला हाकलत हाकलत कोपऱ्यात घ्यायचं." आणि कपाटातून आपला व्होल्ट मोजायचा जुना मीटर काढून, कातडी पिशवी झटकून, ते गॅलरीत गेले. चाल अशी की एक्स्चेंजचे चीफ साहेबच राउंडला निघालेत.

सूनबाईंनी वही आणि पेन घेतलं होतं. "सांगा. मी लिहून घेते."

"लिही. पहिलं, कॉम्प्युटर ओळखतोय का?"

कॉम्प्युटरला कंट्रोलर जोडलाय एवढं दिसत होतं, पण कंट्रोलरकडून उत्तर येत नव्हतं. म्हणजे दारावरची बेल वाजते, आत माणूस उठत नाही. बाबांनी तसं सांगितलं, तिने तसं लिहिलं.

"दुसरं. पाच व्होल्ट बघ. काळं टोक अर्थिंगला. इथे नाही, तिथे. हं."

"दोन पॉइंट एक."

"पाच हवेत. म्हणजे कुणीतरी मधेच खातंय. आता वरचा बोर्ड काढ."

कंट्रोलर दुमजली होता. वरच्या बोर्डावर मोटारी चालवणारं सामान, खालच्या बोर्डावर मुख्य चिप. वरचा मजला काढला तरी आकडा दोनवरच. म्हणजे मोटारींचं सामान निर्दोष. बाबांनी तिला चिपवर बोट ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं आणि झटकन उचललं.

"तापलीये."

"आता ती उपसून काढायची. पातळ स्क्रूड्रायव्हर, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. एकाच बाजूने उचललीस तर पाय वाकतील."

तिने काढली. एकही पाय वाकला नाही. पुन्हा मोजलं तर चार पॉइंट नऊ. बाबांना मनापासून आनंद झाला, इतका की घटकाभर ते आपण कुठल्या बाजूला आहोत हे विसरलेच. तिचे हात चांगले होते. घाई नाही, थरथर नाही, आणि आकडा सांगताना त्यात स्वतःचं काही घुसडणं नाही. एक्स्चेंजमध्ये अशी माणसं त्यांना चौतीस वर्षांत चार भेटली होती.

"का मेली असेल पण?" तिने विचारलं.

"ते चिपलाच विचारायचं. एकेका पायाचं माप घे. सगळे पाय साधारण सारखे येतील. जो वेगळा येईल त्या दारातून चोर शिरला."

ती एकेक आकडा घेत गेली, लिहीत गेली. मधेच उठून चहा करून आणते म्हणाली आणि बऱ्याच वेळाने आली. बाबा गॅलरीतल्या स्टुलावर पाय पसरून बसले. चहाबरोबर त्यांनी तिला वादळानंतर सहाशे लाइनी बंद पडल्या होत्या तो किस्सा सांगितला. तिने ऐकला. याआधी हा किस्सा सुरू झाला की ती उठून जायची.

चौदा पायांनंतर पंधरावा शून्य आला.

"हा कुठला?" बाबांनी विचारलं.

"लेझरची पिवळी वायर येते तो."

पिवळी वायर. बाबांनी पेला खाली ठेवला. पिवळ्या वायरीतून चिप मरायची तर तिच्यावर विजेचा उलटा दाब यायला हवा. उलटा दाब यायचा तर अर्थिंग उलटं हवं. त्यांनी सकाळी अर्थिंगची चौथी वायर बांधली होती. अ‍ॅडॉप्टरच्या कुठल्या टोकाला? त्यांनी मनातल्या मनात हात पुन्हा तिथवर नेला, आणि हात लालवर जाऊन थांबला.

लालवरच जाणार होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्या जगाच्या उलट चालतं. तिथे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जमिनीला बांधतात आणि निगेटिव्ह लाइनवर सोडतात, तारा गंजू नयेत म्हणून. चौतीस वर्षं ज्या हाताने पॉझिटिव्ह म्हणजेच अर्थिंग हे गिरवलं, त्या हाताने सकाळी विचार न करता तेच केलं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती. नवशिक्या पोराने तर नाहीच नाही, त्याने कागद वाचला असता.

म्हणजे माल स्वस्तातला नव्हता. लेझर ठणठणीत होता.  तरीही बाबांनी पेला उचलून चहाचा घोट घेतला. खोली डोळ्यांपुढे होती.

"म्हणजे लेझरच खराब आला," सूनबाई म्हणाल्या. "त्यातूनच उलटं काहीतरी आलं. मी दुकानदाराला लिहिते." त्यांनी कॉम्प्युटर जवळ ओढला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचू लागल्या. "तुम्ही पाठवलेला लेझर मूळचा सदोष होता. त्यामुळे आमचा कंट्रोलर जळाला. पूर्ण तपासणी करून कारण निश्चित केलं आहे. तपासणी करणारे, निवृत्त एक्स्चेंज तंत्रज्ञ. तुमचं नाव घालते खाली, बाबा. वजन पडेल."

एक्स्चेंजमध्ये प्रत्येक बिघाडाचं एक कार्ड असायचं. काय बंद पडलं, का पडलं, कुणी शोधलं, खाली सही. बाबांनी आयुष्यात पुष्कळ लबाड्या केल्या होत्या. बायकोशी केल्या, साहेबांशी केल्या, रजेच्या अर्जात तर एकाच काकांना दोनदा मारलं. पण कार्डावर खोटं कारण कधी लिहिलं नव्हतं. कारण पुढचा माणूस ते कार्ड वाचून काम करतो, आणि कार्ड खोटं असलं की तो मरेपर्यंत चुकीच्या जागी शोधत बसतो.

"चुकीचं लिहितेस," ते म्हणाले.

"काय चुकीचं?"

"लेझर चांगला आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" सूनबाईंनी मान वर केली नव्हती. बोटं मात्र थांबली होती.

बाबांनी एकदा गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. त्यातून आपल्या खोलीची खिडकी दिसत होती, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. "कारण सकाळी तो मी लावला होता," ते म्हणाले. "अकराच्या सुमाराला. अर्थिंग पॉझिटिव्हला बांधलं. आमच्याकडे तसंच बांधतात. लेझर पेटला, चिप मेली. मग मी सगळं काढून होतं तसं ठेवलं. तुझ्या हातून काही जळलेलं नाही."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता ती चिडेल, बोलेल, चार शब्द लागतील असे सुनावेल, मग हळूहळू निवळेल. खरं बोललेल्या माणसाला शेवटी थोडी तरी सूट मिळते, असं त्यांना वाटत होतं.

सूनबाईंनी टाइप केलेलं सगळं पुसलं. "होतं तसं नव्हतं ठेवलंत," त्या म्हणाल्या. "मी झाकण उघडलं तेव्हा सगळ्या वायरी एका लांबीच्या, एका वळणाच्या, दर दोन बोटांवर दोऱ्याने बांधलेल्या. गाठी सगळ्या एकाच बाजूला. माझ्या वायरी अशा असतात का कधी?"

बाबांनी उघड्या कंट्रोलरकडे पाहिलं. खरंच, सुरेख दिसत होतं. एक्स्चेंजच्या सवयीने दोरा आपण कधी बांधला हे त्यांना आठवतही नव्हतं.

"म्हणजे तुला तीनलाच कळलं?"

"झाकण उघडल्याबरोबर."

"मग माझ्या हातून जळलं म्हणालीस ते?"

"म्हटलं बघू या, किती वेळ ऐकून घेतात."

"तुझे डोळे लाल होते."

"रागाने होते."

 खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"चहा करायला गेले तेव्हा दादांना फोन केला," सूनबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी दहाला येतील गाडी घेऊन. यांनाही कळवलंय. काय ते तुम्हीच बघा, म्हणाले."

"पण मी सांगितलं ना आता."

"हो. सहाला."

"चूक झाली माझी. नवा बोर्ड मी आणून देतो."

"चुकीचं एवढं काही नाही बाबा. बोर्ड दहा मिनिटांच्या अंतरावर मिळतो. सकाळी सांगितलं असतंत तर मी भांडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं, आणि तुम्ही इथेच राहिला असतात. मी चार दिवस बोलले नसते इतकंच. पण माझ्या हातून जळलं असं मी म्हटलं, आणि तुम्ही मला घाबरू नकोस म्हणालात. अडीच तास मला शिकवत बसलात. वादळाची गोष्ट सांगितलीत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "माझ्याच घरात मला मूर्ख करून, वर माझाच चहा प्यायलात."

 बाबांना राग आला होता, तो तिचा आला होता की स्वतःचा हे धड कळत नव्हतं. "मग बोर्ड बसवणार कोण?" ते म्हणाले, कारण तेवढंच एक हातात राहिलं होतं. "त्यात आधी प्रोग्रॅम भरावा लागतो, मग मोटारींची मापं. सोपं नाहीये ते."

सूनबाईंनी वही उचलली. चार पानं भरली होती. प्रत्येक पायरी, प्रत्येक आकडा, काळं टोक कुठे आणि लाल कुठे, स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा, सगळं त्यांच्या बारीक सरळ अक्षरात. "मी बसवीन," त्या म्हणाल्या.

तेव्हा बाबांना कळलं की अडीच तास नेमकं कोण कुणाकडून काय काढून घेत होतं.

संध्याकाळी सूनबाई जाऊन नवा बोर्ड घेऊन आल्या; चिरंजीव आठला आले. रात्रीचं जेवण झालं, मीठ कमी आहे की बरोबर आहे यावर ते दोनच वाक्यं बोलले. जेवल्यावर बाबांनी बॅग भरली. सामान फार नव्हतं. मीटर त्यांनी आधी घातला, मग बाहेर काढला, मग पुन्हा घातला.

रविवारी दहाला मोठा मुलगा आला. त्याने बॅग उचलली, धाकट्याच्या खांद्यावर थोपटलं, बायको हॉलची अडचण सांगत होती पण बघू काहीतरी, असं पुटपुटला. सूनबाई बाहेर आल्या नाहीत. गॅलरीचं दार लोटलेलं होतं. बाबांनी चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवला, आणि तेवढ्यात आतून मोटारींचा आवाज सुरू झाला.

आधी एक मोटार, मग दुसरी, मग दोन्ही मिळून, बारीक आणि एका सुरात. मग लेझरचा फर्र असा आवाज, थांबून थांबून, जिथे पेटायचं तिथे पेटत आणि जिथे विझायचं तिथे विझत. बाबा दारातच थांबले. मान वाकडी करून ऐकत राहिले. कुठे अडखळ नाही, कुठे खरखर नाही. एखादी वायर सैल असती तरी त्यांना इथून कळली असती.

"चला ना बाबा," मोठा मुलगा जिन्यावरून म्हणाला. "काय राहिलंय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "बरोबर जोडलंय तिने."

आणि ते जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो आवाज ऐकू येत होता.